पांढरी एक

मैफिलीत तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही, हे मी चौदा वर्षे तंबोऱ्यामागे बसून पाहिलेले आहे. गाणाऱ्या बाईंच्या खांद्यामागे बैठक घालायची, भोपळा मांडीशी टेकवायचा, मधल्या बोटाने पंचम छेडायचा, मग तर्जनीने जोडाच्या दोन तारा, शेवटी खर्ज, आणि खर्जाचा नाद विरण्याच्या आत पुन्हा पंचम. असे दोन-अडीच तास, चेहऱ्यावर कसलीही दाद किंवा नाराजी उमटू न देता. बाईंचा दंडक एकच होता. तंबोऱ्याने तबल्याच्या लयीला लागायचे नाही. ठेका सुरू झाला की हात त्याच्यामागे जाऊ पाहतो, आणि तो जाऊ न देणे एवढीच काय ती तंबोऱ्यावरची मेहनत. नुसत्या चार तारा तर शेजारचे लहान मूलही छेडते. माझा हात ठेक्यात अडकला की बाई मागे न वळता डाव्या हाताची बोटे किंचित हलवीत आणि श्रोत्यांना तो त्यांच्या गाण्यातल्या भावाचाच भाग वाटे.

हे सगळे नॉर्वेतल्या बर्गनमध्ये आठवावे असे काही ठरवून गेले नव्हते. लेक तिथे नोकरीला आहे आणि गेल्या सप्टेंबरात मी तिच्याकडे महिनाभर राहिले. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडणारे हे शहर. पण तिथला पाऊस कोकणातल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, पाहुण्याने निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात उभे राहावे तसा तो रेंगाळतो. एका संध्याकाळी तिने दोन तिकिटे काढली आणि म्हणाली, ‘आई, हे तुला आवडेल की नाही, मला खरेच सांगता येत नाही.’ पत्रकावर लोकसंगीत, प्रायोगिक आणि मिनिमलिस्ट असे तीन शब्द एकाखाली एक छापलेले होते. मिनिमलिझमला, म्हणजे थोडक्या स्वरांचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवीत सावकाश बदलत नेण्याच्या रीतीला, मराठीत अल्पतमवाद असा शब्द मी कुठेतरी वाचलेला आहे, पण त्यात संगीताऐवजी अंदाजपत्रकातली काटकसर ऐकू येते, म्हणून मी तो वापरत नाही.

कार्यक्रम एका जुन्या लाकडी प्रार्थनागृहात होता. पश्चिम नॉर्वेत अशी साधी प्रार्थनागृहे गावोगाव आहेत; एकोणिसाव्या शतकात धर्मजागृतीची जी मोठी लाट तिकडे आली, तिच्यातून ती उभी राहिली. त्याच लाटेत गावच्या लग्नांत वाजणारी, व्हायोलिनसारखी हार्डांगर फिडल सैतानाचे वाद्य ठरली, कारण तिच्याभोवती नाच असे, दारू असे आणि पुष्कळदा मारामाऱ्याही होत. काही वादकांनी आपली वाद्ये अडगळीत टाकली, काहींनी ती जाळली. हालिंगदाल खोऱ्यातल्या एका लग्नात खुद्द सैतान तळघरातल्या पिंपावर बसून फिडल वाजवीत होता आणि त्याने वाजवलेली धून आजही वाजवली जाते, अशी कथा तिकडे सांगतात. ज्या भिंतींच्या आत या वाद्याविरुद्ध प्रवचने झाली असतील, त्याच भिंतींना टेकून आता ते वाद्य आपल्या पेटीत पडलेले होते आणि पेटीच्या झाकणाला आतून नातवंडांचा फोटो चिकटवलेला होता. दाराशी ऐंशीएक ओले रेनकोट ओळीने टांगलेले होते आणि त्यांचे पाणी खाली ठेवलेल्या पसरट ताटात ठिबकत होते. फिडल सुरू होईपर्यंत मी तेच ऐकत बसले.

हार्डांगर हा बर्गनच्या आग्नेयेकडचा समुद्राच्या चिंचोळ्या खाडीकाठचा मुलूख. तिथले हे वाद्य दिसायला व्हायोलिनच, पण अंगावर शाईने काढलेली वेलबुट्टी, गळपट्टीवर शिंपल्याचे आणि हाडाचे जडावकाम, आणि व्हायोलिनला जिथे वळी असते तिथे सिंहाचे किंवा तशाच कुठल्याशा प्राण्याचे कोरलेले मुंडके. सगळ्यात जुने म्हणून जे वाद्य दाखवतात, ते १६५१ सालचे मानले जाते. मला मात्र त्या नक्षीपेक्षा तिच्या पोटातल्या गोष्टीचे अप्रूप वाटले. गज फिरतो त्या चार तारांच्या खाली, गळपट्टीखालून आणि तारा पेलणाऱ्या घोडीच्या पोटातून, आणखी चार किंवा पाच बारीक तारा जातात. त्यांना कोणी हात लावीत नाही, गजही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या तरफेच्या तारा. वरचा स्वर नेमका लागला की त्या आपसूक बोलतात आणि नाही लागला की गप्प राहतात, म्हणजे वादकाच्या सुरेलपणाचा हिशेब खालच्या खाली मांडणारी ही मंडळी. सारंगीत आणि सतारीत आपण ज्यांना ऐकतो, त्यांची ही उत्तरेकडची बहीण कुठून कशी जन्मली, याचा शोध मी घेतलेला नाही. ऐकताना त्याची गरजही भासली नाही.

वादक साठीचे, बुटके, जाड काचांचा चष्मा घातलेले. त्यांनी सहा-सात मिनिटे नुसते वाद्य लावले. नऊ तारा, खुंटीला किंचित पीळ, कान लाकडाशी, पुन्हा पीळ. श्रोत्यांपैकी कोणी खाकरलेसुद्धा नाही. मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीजवळ वाढले आणि माझ्या लहानपणीच्या दुपारी असल्याच आवाजांनी भरलेल्या होत्या: कारागीर घोडीचा माथा कानशीने जरासा घासायचा, तार छेडायचा, ऐकायचा, पुन्हा घासायचा, एकाच तारेचा एकच स्वर तासन् तास, जवारी, म्हणजे तारेचा तो लांबणारा गुंजता नाद, मनासारखी बोलेपर्यंत. शाळेतून येताना जो स्वर चालू असे, तोच खेळून परतताना चालू असे, आणि तरी तो दुपारचा राहिलेला नसे. तेव्हा हे संगीत आहे असे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

पहिली धून संपवून वाद्य पुन्हा लावताना त्या वादकांनी एक गोष्ट सांगितली. धबधब्यात एक भूत राहते आणि ते फिडल शिकवते. त्याला गुरुवारी संध्याकाळी मांसाचा नैवेद्य द्यायचा. मग ते शिष्याची बोटे धरून तारांवर अशी घासते की रक्त निघावे, पण विद्या येते. मात्र हाडावर पुरेसे मांस नसेल, तर ते फक्त वाद्य लावायला शिकवते, वाजवायला नाही. सगळे हसले. लेकीने माझ्या कानात भाषांतर केले तेव्हा मी जरा उशिरा आणि जरा जास्तच हसले, कारण दक्षिणा कमी पडल्यामुळे आयुष्यभर तंबोरेच लावीत राहिलेले दोन-तीन जण माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्यात मी स्वतःही आहे.

माझा उजवा हात गुडघ्यावर असतो आणि गाणे सुरू झाले की तो ताल धरू लागतो. तंबोरा सुटल्यावर लागलेली ही सवय, बहुधा इतकी वर्षे ताल धरायला मनाई होती त्याचा वचपा. ती धून स्प्रिंगार नावाच्या नाचाची होती. तीन मात्रांचा नाच, असे मी पत्रकात वाचलेले होते, म्हणून निर्धास्त होते. पण टेलेमार्क भागाच्या स्प्रिंगारमधल्या तीन मात्रा सारख्या नसतात: पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वादकांची टाच फळीवर पडत होती ती तेवढ्या ठाम अंतराने, चुकूनही न चुकता, आणि माझा हात दर वेळी अर्धा क्षण आधी किंवा नंतर पडत होता. पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि तिथे सपाट जमीन निघावी, तसे होत होते. पुढच्या रांगेतल्या एक आजी मात्र खांदा इतका नेमका हलवीत होत्या की मी वादकांना सोडून त्यांच्याकडे पाहून ताल शिकायचा प्रयत्न केला. जमले नाही. चौथ्या धुनेला हात थांबला, आणि थांबल्यावर मला धून ऐकू येऊ लागली.

या धुनांची बांधणी चमत्कारिक असते. अस्ताई-अंतरा असे काही नसते. दोन-तीन मात्रांच्या घरांचा एक छोटा तुकडा असतो, त्याला तिकडे ‘वेक’ म्हणतात. तो दोनदा, तीनदा वाजतो, मग त्यातला एकच स्वर किंवा गजाचे एकच वळण बदलते, मग त्या बदललेल्या तुकड्यातून पुढचा तुकडा निघतो. कुठे सांधा बदलला हे कळेपर्यंत गाडी पुढच्या रुळावर गेलेली असते. विसाव्या शतकात न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्कोकडे ज्या रीतीला मिनिमलिझम म्हणू लागले, तिच्याशी हिचे साम्य सांगायला कोणा पंडिताची जरूर नाही. तीच जोडी दाखवावी हा त्या संध्याकाळच्या आखणीमागचा हेतू दिसत होता.

आणि या रीतीतल्या काही धुना कागदावर उतरल्या त्या एका म्हाताऱ्या वादकाच्या काळजीमुळे. क्नुत दाले हा टेलेमार्कचा फिडलवादक. म्यूलारगुतेन, म्हणजे गिरणीवाल्याचा पोर, या नावाने गाजलेल्या थोर वादकाकडून त्याने धुना घेतलेल्या होत्या. त्याने १८८८ साली नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याला पत्र लिहिले, की हे सगळे माझ्याबरोबर जाईल, कोणीतरी उतरवून घ्या. ग्रीगला वेळ लागला, चांगली तेरा वर्षे. अखेर १९०१ साली योहान हाल्वोर्सन या व्हायोलिनवादकाने ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, म्हाताऱ्याला समोर बसवून सतरा धुना लिहून घेतल्या आणि ग्रीगने त्या पियानोसाठी बांधल्या. त्या १९०३ साली छापल्या गेल्या. ग्रीगचे घर बर्गनजवळच आहे आणि लेकीने मला ते आधीच्या आठवड्यात दाखवलेले होते. पियानोवरच्या त्या धुना मी नंतर फोनवर ऐकल्या. सुंदर आहेत. पण पियानोत तरफ नाही, आणि तरफ काढल्यावर त्या धुना अंगणातून दिवाणखान्यात आणून बसवलेल्या माणसासारख्या, हात कुठे ठेवावे ते न कळून बसलेल्या वाटतात.

पूर्वार्धातला शेवटचा तुकडा नवा होता: फिडल आणि पायपेटी. पेटीवाला उंच, हडकुळा पोरगा. त्याने दोन पट्ट्या दाबून त्यांच्या फटीत पुठ्ठ्याच्या घड्या खोचल्या, की पट्ट्या दबलेल्याच राहाव्यात, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसता पायांनी भाता मारीत राहिला. षड्ज आणि पंचम. त्यावर फिडलने पाच स्वरांचा एक तुकडा धरला आणि तो तेरा मिनिटे सोडला नाही. पहिली दोन मिनिटे मला तबकडीवर सुई अडकल्यासारखे वाटले आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला. पाच स्वर सापडले आहेत तर त्यांचे काही करा की, असे तोंडाशी आलेले. मग लक्षात आले की गज सरकतो आहे. तो घोडीजवळून हळूहळू गळपट्टीकडे जात होता, इतका सावकाश की डोळ्यांना दिसेना, फक्त स्वराची धार बोथट होत गेली आणि त्या मानाने खालची तरफ वर येत गेली. नवव्या-दहाव्या मिनिटाला असे झाले की वाजवतो तो तुकडा मागे पडला आणि तरफच पुढे आली. आणि त्या गुंजनात, कोणीही वाजवीत नसलेला गंधार होता.

तंबोऱ्याची जवारी चांगली लागली असेल तर खर्जातून गंधार ऐकू येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेतच असतो, वाजवावा लागत नाही. पेटीच्या पट्टीवरचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा असतो, आणि म्हणूनच बहुधा त्या पाच स्वरांत गंधार ठेवलेला नव्हता आणि पेटीवाल्यानेही तो घेतला नाही. जागा मोकळी ठेवली, म्हणजे ज्याचे त्याने यावे. मला ‘वा’ म्हणावेसे वाटले आणि मी ते गिळले, कारण त्या घरात श्वासाचासुद्धा आवाज येत नव्हता. न दिलेली दाद घशात चांगलीच टोचते. तिकडचे लोक ती रोज कशी पचवतात कोण जाणे.

मध्यंतरात कॉफी आणि वाफल्स होती. लेकीच्या ओळखीचे एक गृहस्थ मोठ्या सौजन्याने म्हणाले, की हे सगळे तुम्हाला अगदी घरचेच वाटत असेल, आणि उत्तरार्धात जी रचना आहे तिचा रचनाकार तर भारतीय गुरूकडेच शिकलेला. त्यातले दुसरे खरे आहे. तो रचनाकार टेरी रायली पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. वहीद खाँसाहेब म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे नात्याने भाऊ, आणि करीम खाँसाहेब तर आमच्या मिरजेचेच होऊन गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. मीही तिथे तंबोऱ्यावर बसलेली आहे. तेव्हा माझ्या गल्लीतून निघून कॅलिफोर्नियापर्यंत जाणारी एक वाट खरोखरच आहे. पण प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि रायलीने त्यांचे शिष्यत्व पत्करले ते १९७० साली, आणि उत्तरार्धातली ‘इन सी’ ही त्याची रचना पहिल्यांदा वाजली ती सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर १९६४ मध्ये. आधी रचना, मग गुरू. हे मी त्या गृहस्थांना सांगितले तेव्हा त्यांचा थोडा हिरमोड झाला. माझा झाला नाही. त्याने ते आपल्याकडून घेतले, असे म्हणण्यापेक्षा त्याने आधी ते स्वतः ऐकले आणि ऐकलेल्याचा माग काढत तो किराण्यापाशी आला, हे मला जास्त गोड वाटते.

सी म्हणजे आपल्या पेटीवाल्यांची पांढरी एक. ‘इन सी’ला मराठी नाव द्यायचे तर ‘सा पांढरी एक’ एवढेच होईल; आमच्याकडे तंबोरे लावण्यापूर्वी जो प्रश्न विचारतात त्याचे ते उत्तर आहे. सगळी रचना एका पानावर मावते. लहानमोठे त्रेपन्न तुकडे, ओळीने. किती वादक हवेत, कोणती वाद्ये हवीत, याचे बंधन नाही. प्रत्येकाने पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करायची, एकेक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा, मग पुढच्यावर जायचे; फक्त इतरांच्या दोन-तीन तुकड्यांहून फार पुढे किंवा फार मागे राहायचे नाही. म्हणजे वारीत चालल्यासारखे: ज्याचे त्याचे पाऊल वेगळे, पण दिंडी सोडायची नाही. ‘इन सी’ कधी पाऊण तासात संपते, कधी दीड तास चालते.

आणि या सगळ्याखाली एक जण पियानोच्या वरच्या टोकाचे दोन षड्ज एकसारखे वाजवीत राहतो. हे मूळ रचनेत नव्हते. १९६४ च्या तालमींत वादकांना एकत्र राहणे जमेना, तेव्हा त्यांच्यातल्याच स्टीव्ह राइशने सुचवले की कोणीतरी नुसती लय धरून ठेवावी. पुढे तो स्वतःही मोठा रचनाकार झाला. पण मला त्याचे हे सुचवणे फार ओळखीचे वाटते. शास्त्रात कुठे लिहिलेले नसते, तालमीत अडले की कोणाला तरी मागे बसवतात.

बारा जण अर्धवर्तुळात बसले. दोन हार्डांगर फिडली, लांगेलाइक नावाचे पाटासारखे आडवे तंतुवाद्य, अ‍ॅकॉर्डियन, क्लॅरिनेट, चेलो, मघाची पायपेटी, वगैरे. एका बाईंच्या हातात विलोच्या झाडाची बासरी होती, आणि तिला स्वरांची भोके नव्हतीच. वसंतात झाडात रस चढला की फांदीची साल अखंड सोलून निघते, त्या सालीच्या नळीची पूर्वी ही बासरी करीत. फुंकेचा जोर कमी-जास्त करून आणि नळीचे तोंड बोटाने झाकून-उघडून जे स्वर निघतात तेवढेच तिचे. तिचा मध्यम शुद्ध आणि तीव्र यांच्या अधेमध्ये कुठेतरी पडतो. तो तसाच वाजू दिला गेला आणि त्यावर कोणी कपाळाला आठी घातली नाही.

उजवीकडे पियानोशी एक मुलगी बसलेली होती, पंचविशीची असावी. तिने आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, मग बोटांची टोके अंगठ्याने एकेक दाबून पाहिली. हिवाळ्यातल्या मैफिलीआधी मी हेच करीत असे. मग तिने सुरू केले: टिंग टिंग टिंग टिंग. एकेक करून बाकीचे शिरले आणि दोन-तीन मिनिटांत तिच्याकडे पाहणारे कोणी उरले नाही. मी चष्मा काढून पुसून पुन्हा घातला आणि उरलेला सगळा वेळ तिच्याकडे पाहिले.

तसे पाहण्यासारखे काही नव्हते. हात आलटून पालटून पडत होते, मनगट सैल, कोपर अंगाशी. तिच्यासमोर फळीत एक गाठ होती आणि तिची नजर त्या गाठीवर होती. मी बाईंच्या अंबाड्यातल्या एका विशिष्ट काट्यावर नजर ठेवीत असे. विसाव्या मिनिटाच्या सुमारास क्लॅरिनेट आणि अ‍ॅकॉर्डियन यांचे तुकडे असे काही आडवे पडू लागले की लय तीनात आहे की चारात ते कळेना, सगळा घोळका एका बाजूला कलला, आणि मी पाहिले की तिचा जबडा आवळला गेला. हात ओढला जात होता. तेवढ्याने तिचा ठोका हलला नाही, पण ते न हलणे फुकट मिळालेले नव्हते, आणि ऐंशी माणसांत ते बहुधा मलाच दिसले. मग कोणीतरी तीव्र मध्यम आणला, लांब, शांत, आणि सगळ्या खोलीचा प्रकाश बदलल्यासारखा झाला. पुढे शुद्ध मध्यम परत आला. अगदी शेवटाकडे कोमल निषाद आला. तासाभरात तीन-चार नव्या स्वरांची हजेरी, आणि प्रत्येक वेळी नवा वाटला तो तिचा षड्ज. तीव्र मध्यमाखाली तो कठोर लागला आणि कोमल निषादाखाली विसाव्याचा, आणि ती तर तेच वाजवीत होती.

एका गावातली मैफल आठवली. आभार मानायला उठलेल्या गृहस्थांनी मांडववाल्यांचे आभार मानले, ध्वनिवर्धकवाल्यांचे मानले, चहा पुरवणाऱ्यांचेही मानले, आणि आम्हा दोघी तंबोऱ्यावरच्या मुलींना विसरले. परतीच्या गाडीत मी गप्प होते. बाईंनी ते ओळखले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, ‘त्यांना तू दिसली असतीस, तर त्याचा अर्थ तुझं काहीतरी चुकलं असा झाला असता.’ हे वाक्य मी कित्येक वर्षे शाबासकीसारखे जपले. काही दिवशी ते शाबासकी वाटत नाही. त्या संध्याकाळी, त्या मुलीच्या जबड्याकडे पाहताना, ते मला चांगलेच लागले.

शेवट असा होतो. जो तो त्रेपन्नाव्या तुकड्यावर येऊन बाकीच्यांची वाट पाहत तोच वाजवीत राहतो. सगळे आले की घोळका दोन-तीनदा फुगतो, ओसरतो, आणि मग एकेक जण थांबतो. चेलो थांबला, फिडली थांबल्या, विलोची बासरी आधीच खाली ठेवलेली होती. पायपेटीचा भाता मिटला. मागे राहिले ते दोन षड्ज. किती वेळ, ते सांगता येणार नाही. फार तर वीस सेकंद. पण त्या वीस सेकंदांत अकरा वादकांनी आणि ऐंशी श्रोत्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले, आणि तिने मात्र फळीतल्या गाठीवरची नजर काढली नाही. मग तीही थांबली. लेकीने घड्याळ पाहिले. बावन्न मिनिटे.

आपल्याकडे गाणे संपल्यावरही तंबोरे दोन-चार घेर वाजत राहतात. पण तोवर टाळ्या सुरू झालेल्या असतात.

मंडळी पांगल्यावर मी तिच्याजवळ गेले. ती मनगट दुसऱ्या हातात धरून उभी होती. तिला कंटाळा येत नाही का, हे विचारायचे नाही, एवढेच मी ठरवलेले होते, कारण तो प्रश्न मला चौदा वर्षे विचारला गेलेला आहे. मी म्हटले, मी तानपुरा वाजवीत असे. तिने लगेच फोन काढला. तिच्या फोनमध्ये तानपुरा होता; त्यावर ती रोज स्वर लावते म्हणाली. तिने तो सुरू केला. पंचम, जोड, जोड, खर्ज, पांढरी एक. जवारी नीट लागलेली, अंतर काटेकोर, आणि थकवा कुठेही नाही. पुण्यात बाईंनीही अखेरीस घरच्या रियाजाला असेच एक यंत्र आणले, आणि मग बाहेरच्या मैफिलींनाही दोघींच्या जागी एकच मुलगी पुरू लागली. त्यात माझे बसणे केव्हा बंद झाले, याची नेमकी तारीख नाही. मी म्हटले, चांगले वाजते, दमत नाही. ती हसली आणि तिने यंत्र बंद केले.

मग विचारले, तुम्ही किती वेळ वाजवायचात? मी म्हटले, अडीच तास. ती काही बोलली नाही. तिने आपल्या उजव्या हाताचे मधले बोट पुढे केले. टोक लाल झालेले होते. मी माझी तर्जनी पुढे केली. तिथली गाठ कधीच विरून गेली आहे, कातडे इतर बोटांसारखेच मऊ झालेले आहे, पण जागा मला माहीत आहे, आणि मी ती दाखवली. तिने वाकून, अंगठ्याने ती जागा दाबून पाहिली. दाराशी लेक दोघींच्या छत्र्या घेऊन उभी होती.